डिप एकदाची जागेवर बसली

मंडळी, बागेतल्या ओलावा सेन्सरच्या रेडिओ बोर्डाचा अँटेना जुळवतोय. केबलवर वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि नॅनोव्हीएनएवरची (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) डिप, म्हणजे अँटेना जिथे जुळतो तिथला आलेखातला खड्डा, तसूभर हलली नाही! याआधी हात लावला की ती पळायची. मागचे स्क्रीनशॉट ज्यांनी पाहिलेत त्यांनाच यातली मजा कळेल.

बोर्ड तोच, ५० बाय ३५ मिमी, १.६ मिमी जाडीचा एफआर-४ (फायबरग्लासचा सर्किट बोर्ड), कडेला नागमोडी इन्व्हर्टेड-एफ अँटेना. टेबलावर ८६६ मेगाहर्ट्‌झला उणे १९ डीबी (म्हणजे छान जुळलेला), आणि अंबडकडच्या मोसंबीच्या बागेत लावला की गेटवेला (संदेश झेलणाऱ्या रिसीव्हरला) पॅकेट येईल तर शप्पथ. शेवटी बागेतल्या काकांनीच दुखणं पकडलं: "वायरीला हात लावला की तुझं यंत्र बोलतंय बघ, सोडली की गप."

८६६ ला लहर ३४६ मिमीची, तिचा चतुर्थांश ८६ मिमी. ग्राउंड, म्हणजे अँटेनाचा जोडीदार असलेलं बोर्डाचं तांबं, साधारण तेवढा लांब हवा; आपला जेमतेम ५०. उरलेला करंट मग जे धातू सापडेल त्यावर पसरतो. टेबलावर व्हीएनएची कोॲक्स (शील्डवाली केबल), बागेत ओलावा सेन्सरची वायर. म्हणजे मी जुळवत होतो तो अँटेना बोर्डाचा कमी आणि केबलचा जास्त.

लॅपटॉपच्या केबलवरचे करडे फेराइट (करंट अडवणारे गोळे) लावून पाहिले. इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला त्यांचा जीव फार नाही. काम केलं ते बाझूका बलूनने (balun: केबलच्या बाहेरून वाहणारा करंट अडवणारी धातूची बाही). जाड केबलची वेणी सोलून कोॲक्सच्या जॅकेटवर चढवली, बोर्डाकडचं टोक मोकळं, लांबचं टोक कोॲक्सच्या शील्डला डाग. ८६ मिमी कापली तर चुकतं, कारण मध्ये पीव्हीसी आहे आणि त्यात लहर आखडते. कात्रीने थोडं थोडं छाटत गेलो. एका टप्प्यावर हात फिरवला तरी रेघ गप्प.

आणि खरी डिप दिसली ८९३ ला, तीही उथळ. वाईट वाटलं नाही, निदान आता आकडा खरा आहे. अँटेनाच्या मोकळ्या टोकाला तांब्याची टेप चिकटवून ती खाली ओढली, १८६५० सेल (बॅटरी) अँटेनापासून दुसऱ्या कडेला सरकवला, एबीएस प्लास्टिकचा डबा बंद करूनच मोजलं. ८६६ आली. पट्टा अरुंद आहे, पण लहान अँटेनात तो अरुंदच मिळणार, अँटेना संशोधक चू यांनी १९४८ मध्येच गणित मांडून ठेवलंय. आपले (भारतातल्या लोरावॅन रेडिओचे) तीन डिफॉल्ट चॅनेल ८६५.०६२५ ते ८६५.९८५ मध्येच बसतात, एक मेगाहर्ट्‌झ पुरे.

(८६८ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्प्रिंगा (स्प्रिंगसारखे अँटेना) मात्र मोजून घ्या. एका ऑनलाइन दुकानातून आलेल्या सगळ्या ९१५ च्या आसपास निघाल्या. पाकिटावरच्या छापाला काडीची किंमत नाही.)

पुढचा बोर्ड ९० मिमी लांब करायचा ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? सेन्सरची वायर पाइपातून खाली जातेच. तिचे पहिले ८० मिमी हक्काचा ग्राउंड म्हणून वापरायचे आणि तिथे तिन्ही तारांत बीड (फेराइटचा मणी) टाकून पुढची वायर रेडिओपुरती तोडायची. डबा तोच, बोर्ड तोच. फक्त बीड घेताना डेटाशीटच्या आलेखात ८६६ ला किती ओहम आहे ते बघायचं, १०० मेगाहर्ट्‌झचा ठळक छापलेला आकडा इथे कामाचा नाही.

बोर्डाची ऑर्डर थांबवलीय. आधी हेच करतो, ठिबक चालू असताना आणि बंद असताना दोन्ही वेळा आरएसएसआय (सिग्नलची ताकद) घेऊन. कुणाकडे कोॲक्सवर सैलसर बसेल अशी पितळी नळी पडून असेल तर कळवा, वेणीचा बलून वाकला की पुन्हा बिघडतो.