बसल्या जागेची मते

चित्रपटगृहातून बाहेर पडणारा माणूस मत देतो, तेव्हा त्याने तो चित्रपट अंधारात, सलग आणि बहुधा शेवटपर्यंत पाहिला असणार, एवढे तरी धरून चालता येते. घरी पाहणाऱ्याच्या मताला यांतला एकही आधार नसतो, कारण मध्येच दाराची घंटा वाजलेली असते, फोन येऊन गेलेला असतो आणि निम्मे संवाद पंख्याने खाल्लेले असतात. तरीही सर्वांत ठाम मते घरी पाहणाऱ्यांचीच असतात, आणि त्या ठाम मंडळींत माझा नंबर बराच वरचा आहे. अलीकडे मी माझी काही जुनी मते पुन्हा तपासली, तेव्हा त्यांतल्या पुष्कळ मतांत चित्रपटापेक्षा ती संध्याकाळच अधिक होती, असे ध्यानात आले.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा डेव्हिड लीन यांचा १९६२ सालचा चित्रपट मी कित्येक वर्षे ‘सुंदर, पण फार संथ’ म्हणून निकालात काढला होता. त्यात ओमर शरीफ प्रथम दिसतो, तो वाळवंटाच्या क्षितिजावर तरळणाऱ्या मृगजळातला एक काळा ठिपका म्हणून. मग त्या ठिपक्याचा हळूहळू उंट होतो आणि उंटावरचा माणूस होतो. ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित केलेला आणि भव्य पडद्यासाठी योजलेला तो ठिपका माझ्या तेव्हाच्या लहानशा टीव्हीवर मला दिसलाच नाही. दिसले ते फक्त रिकामे वाळवंट, त्यामुळे चित्र अडकले आहे असे समजून मी रिमोट शोधू लागले आणि तो सापडेपर्यंत उंट अगदी जवळ येऊन ठेपला होता. पुढे मोठ्या पडद्यावर तेच दृश्य पाहताना मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. ‘संथ’ हा शेरा मी तेव्हाच मागे घेतला. फक्त ज्यांना ज्यांना तो ऐकवला होता, त्यांना ही दुरुस्ती कळवायची राहून गेली.

दुसरा अन्याय नव्या टीव्हीने करवून घेतला. तो घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मी पाहिलेला प्रत्येक जुना चित्रपट मला स्टुडिओत घाईने उरकलेल्या मालिकेसारखा दिसू लागला, आणि ‘आता यांत काही राम वाटत नाही’ असे मी जाहीर करून टाकले. वास्तविक चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो आणि त्या गतीतली किंचित थरथर ही आपल्या डोळ्यांना ठाऊक असलेली चित्रपटाची ओळख असते. नवे टीव्ही मात्र दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच तयार केलेल्या चौकटी घुसवून ती थरथर पुसून टाकतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत होते आणि चित्रपटातला चित्रपट निघून जातो. २०१८ साली टॉम क्रूझने खास एक चित्रफीत काढून ही सोय बंद करा, असे प्रेक्षकांना विनवले होते. मी ती सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, तेव्हा त्या आठवड्यातले सगळे चित्रपट निर्दोष सुटले.

अर्थात काही चित्रपट घरच्या धांदलीला पुरून उरतात. सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हा त्यांतला माझा लाडका. त्याची मूळ संहिता १९५४ साली दूरचित्रवाणीसाठीच लिहिली गेली होती, तेव्हा दिवाणखान्यात तो पाहुणा म्हणून येत नाही, माहेरी आल्यासारखा वावरतो. आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेले बारा ज्युरर, एक खोली, आणि पहिल्या मतदानात अकरा विरुद्ध एक. अर्ध्यावर येऊन बसणाऱ्या माणसाला एवढे सांगितले की पुरते. ल्युमेट यांनी सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मग नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटी त्याहून खाली नेला; लेन्सही अशा बदलत नेल्या की भिंती जवळ सरकत याव्यात आणि छत डोक्यावर उतरावे. ही युक्ती मला पुष्कळ नंतर समजली. पहिल्यांदा पाहताना मी चित्रपट चालू असतानाच उठून खिडकी उघडली होती आणि दोष हवेला दिला होता.

अर्ध्यावर येऊन बसणारे माणूस आमच्या घरी म्हणजे आई. ती आल्या आल्या ‘हा कोण?’ आणि ‘चांगला की वाईट?’ असे दोनच प्रश्न विचारते, आणि दुसऱ्याचे उत्तर देताना मी अडखळले तर चित्रपट चांगला असणार, हे मला आता अनुभवाने कळते. रहस्यकथांवर तिचा विश्वास नाही. खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवणे म्हणजे तिच्या मते बघणाऱ्याला ताटकळत ठेवणे होय. म्हणूनच ‘कोलंबो’ ही पीटर फॉकची, १९७१ पासून नियमित सुरू झालेली जुनी मालिका तिला मनापासून आवडते. तिथे खून आधी आपल्या डोळ्यांदेखत होतो, खुनी कोण ते आपल्याला कळते आणि चुरगळलेला रेनकोट घातलेला तो डिटेक्टिव्ह बऱ्याच वेळाने उगवतो. निघालेला कोलंबो दारातून परत वळतो आणि ‘आणखी एकच गोष्ट’ म्हणतो, तेव्हा आईला होणारा आनंद हा उत्तर आधीच ठाऊक असलेल्याचा आनंद असतो. शेवट कळला म्हणून चित्रपट नासला, अशी तक्रार करणाऱ्यांना मी हल्ली ही मालिका सुचवते.

मालिकांबद्दलची माझी मते सर्वांत कच्ची आहेत, कारण ती पिकू देण्याची सवडच मिळत नाही. पूर्वी आठवड्याला एक भाग येई आणि मधल्या सहा दिवसांत त्यावर वाद घालून मत तयार होई. २०१३ च्या फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे १३ भाग एकाच दिवशी समोर ठेवले, आणि आता तर श्रेयनामावली कोपऱ्यात आक्रसून पुढच्या भागाची उलटी मोजणी सुरू होते. काय वाटले, हे ठरवायला पाच-सात सेकंद मिळतात. ‘ब्रेकिंग बॅड’चे ६२ भाग, एकेक भाग पाऊण तासाचा धरला तरी साडेसेहेचाळीस तास होतात, मी ते इतक्या घाईने पाहिले की आज त्यातला संपूर्ण असा आठवणारा एकच भाग आहे, ‘फ्लाय’. खर्च वाचवण्यासाठी जवळजवळ सगळा एकाच ठिकाणी चित्रित केलेला, दोन माणसे आणि एक माशी एवढाच ऐवज असलेला हा भाग २०१० मध्ये आला, तेव्हा त्यात काहीच घडत नाही म्हणून अनेकांनी नाक मुरडले होते. काहीच घडत नसल्यामुळेच असेल कदाचित, मला तिथे पाहायला उसंत मिळाली.

या सगळ्यांत माझी शरमेची गोष्ट म्हणजे ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा हा चित्रपट. लांबून, स्थिर कॅमेऱ्याने, कुणाच्याही तोंडावर न धावता खटला पाहत राहणारा. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा पूर्ण काळा होतो. ‘काय शेवट केला आहे!’ असे म्हणून मी टीव्ही बंद केला, आणि त्या काळोखाच्या शेवटावर दोन वर्षे मोठ्या अधिकाराने बोलत राहिले. चित्रपट त्या काळोखानंतरही चालू राहतो, हे मला एका मैत्रिणीने, माझे सगळे विवेचन शांतपणे ऐकून घेतल्यावर सांगितले.

परवा तो पुन्हा लावला. आई नेहमीप्रमाणे मध्येच येऊन बसली आणि दिवे मालवले गेल्यावर सवयीने उठू लागली. ‘थांब, संपलेला नाही,’ मी म्हटले. मग ते न्यायाधीश सुट्टीवर गेलेले दिसले, बाकावर डुलकी घेताना दिसले, मुलांनी ओरडून जागे केल्यावर त्यांतल्या एकाला चपराक देताना दिसले आणि पुन्हा पेंगू लागले. पडदा काळा झाला, नावे सरकू लागली, तीही संपली. आई हलली नाही.

‘अजून आहे का गं?’ तिने विचारले.