वाढणाऱ्याचा हात

रविवार, रात्री साडेअकरा

पोट जड आहे, इनो घेऊन झालं, झोप काही येत नाही म्हणून लिहायला बसलेय.

सकाळी मुलुंडहून दादरला लग्नाला निघालो तेव्हा ट्रेनमध्ये मोबाईलवर एक मोठा शेफ आला, नाव लिहीत नाही कारण मला आवडतो तो. शांतपणे सांगत होता की सगळं खा पण बेताने खा, अर्धं ताट भाजीचं ठेवा, तेल मोजून घाला, रात्री हलकं जेवा. पटलं अगदी. बोट सरकवलं तर खाली त्याचाच जुना व्हिडिओ, तव्यावर बटरची अख्खी वडी सोडून पावभाजी, वरून परत बटर. शेजारची बाई वाकून बघत होती, ती फिस्सकन हसली.

मग दिवसभर तेच डोक्यात. ज्याचा धंदा आपल्या जिभेवर चालतो त्यानेच आपल्याला कमी खा म्हणायचं, हे मला आधीपासून जरा भंपक वाटतं. अमेरिकेतल्या त्या टीव्हीवरच्या शेफ पॉला डीनबाई, लोणी आणि तळणावर नाव कमावलेल्या, त्यांनी २०१२ मध्ये जाहीर केलं की मला टाईप टू डायबेटीस आहे. कळलं होतं तीन वर्षं आधी! आणि सांगितलं तेव्हा डायबेटीसच्या औषधाच्या कंपनीशी करार पण झालेला. मधल्या काळात टीव्हीवर लोणी चालूच. लोक चिडले ते आजारावर नाही, त्या तीन वर्षांवर.

पण सगळे तसे नाहीत हेही खरं. तिकडचा शेफ जेमी ऑलिव्हर २००५ मध्ये इंग्लंडमधल्या शाळांचं जेवण सुधारायच्या मागे हात धुवून लागला, मग २०१५ मध्ये स्वतःच्या रेस्टॉरंटात गोड कोल्ड्रिंकवर १० पेन्स जास्त घ्यायला लागला आणि सरकारकडे साखरेवरच्या टॅक्सची मागणी लावून धरली. तो टॅक्स एप्रिल २०१८ मध्ये लागू झाला. त्यातली गोम मला फार आवडते. टॅक्स बाटलीच्या किमतीवर नाही, १०० मिलिलीटरमध्ये साखर किती यावर, ५ ग्रॅमपासून एक दर आणि ८ ग्रॅमपासून त्याहून जास्त. मग काय, बऱ्याच कंपन्यांनी टॅक्स यायच्या आधीच साखर ५ ग्रॅमच्या खाली आणून ठेवली. पोरं आधी पीत होती तेच पीत राहिली, त्यांना कोणी बेताने प्या म्हणून भाषण दिलं नाही, बाटलीत घालणाऱ्यानेच हात आखडता घेतला आणि साखर कमी झाली.

आणि आपल्याकडे? हॉलवर बुफे होता पण मोठ्यांसाठी पंगत मांडलेली. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. माझ्या धाकट्या दिरांना शुगर आहे, त्यांनी पानावर आडवा हात धरला, तरी मुलाकडच्या एक काकू बोटांच्या फटीतून जिलबी सोडून गेल्याच, वर "लग्नात कसली शुगर भाऊजी, एकाने काय होतंय". दुसऱ्या फेरीला त्यांचे यजमान आले, तेही तेच म्हणाले. २०२३ मध्ये आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचा जो मोठा अभ्यास आला त्यात देशात १० कोटींच्या वर लोकांना डायबेटीस असल्याचं म्हटलंय, म्हणजे प्रत्येक पंगतीला दोन चार तरी असणार की. पण आग्रह केला नाही तर वाढणाऱ्यांना नावं ठेवतात, आणि आग्रह मोडला तर पाहुण्याला. आता यात खाणाऱ्याने बेताने खायचं म्हणजे नक्की कधी खायचं?

हात धुताना केटररच्या माणसाशी बोलत होते. तो म्हणाला ताई, गोडाला मोठी डिश ठेवली की गोड जास्त टाकलं जातं, म्हणून आम्ही आता लहान वाट्या ठेवतो, परत या आणि घ्या. मला हे त्या शेफच्या रीलपेक्षा कामाचं वाटलं. पातेल्यात उरलं तर कोणाच्या तरी पोटात जाऊ शकतं, मुंबईत डबेवाल्यांनी २०१५ मध्ये रोटी बँक काढली ती लग्नकार्यातलं असंच उरलेलं अन्न भुकेल्यांपर्यंत न्यायला. पण एकदा पानात पडलं, उष्टं झालं, की ते थेट ड्रममध्ये. दिरांच्या जिलब्या ड्रममध्येच गेल्या, साजूक तुपातल्या होत्या, जीव हळहळला.

घरी आल्यावर किराण्याची यादी करायला घेतली आणि सहज हिशोब मांडला. आम्ही चौघं, महिन्याला तेलाचा पाच लिटरचा कॅन. वजनात साडेचार किलो, भागिले चार, भागिले तीस, माणशी रोज ३७-३८ ग्रॅम. हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यातल्या एका माणसाच्या दिवसभराच्या ताटात तेलतूप मिळून २७ ग्रॅमच आहे. माझ्या हिशोबात तूप धरलेलंच नाही, बाहेरचे वडे, सामोसे तर नाहीच नाही.

तेव्हा आपल्या तरला दलाल आठवल्या. इथेच मुंबईत घरी स्वयंपाकाचे क्लास घ्यायच्या, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची कमी कॅलरीची पुस्तकं आमच्या आईकडे होती. उपदेश वगैरे काही नाही, कृतीतच लिहिलेलं की तेल २ चमचे. आईच्या वहीत मात्र सगळीकडे "तेल अंदाजे", आणि तो अंदाज तिच्या आईच्या पळीचा! शेफनी कमी खा सांगण्यापेक्षा ही एक ओळ बदलून दिली ना तरी पुष्कळ, म्हणजे बटरची वडी कॅमेऱ्यासमोर अर्धीच सोडा, चव तशीच लागते हे दाखवा, ते तर त्यांना आमच्यापेक्षा जास्त येतं.

मी कॅनमधलं आठवड्याचं तेल मोजून बरणीत काढलं आणि बाजूला चमचा ठेवला. सासूबाई बघत होत्या, म्हणाल्या हे काय नवीन. मी म्हटलं, या महिन्यात कॅन किती उरतो बघू. त्या म्हणाल्या बघ बाई, पण बुधवारी माझी बहीण येतेय, त्या दिवशी माझी पळी लपवू नकोस.