आडनावाने हाक

रविवार, दुपारी

इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग समोर घेऊन बसले आणि लॅपटॉपवर 'शाळा' लावला. चौथ्यांदा की पाचव्यांदा, मोजणं कधीच सोडलंय. नवरा पाणी प्यायला आला, पडद्याकडे बघून "परत?" म्हणाला आणि गेला.

मिलिंद बोकीलांची कादंबरी २००४ सालची. सुजय डहाकेचा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत आला तेव्हा थिएटरात पाहिला होता. पुढे त्याला मराठीतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. त्या वेळी आणीबाणी, घरातल्या मोठ्यांची राजकारणाची बोलणी, कोण कुणाला 'लाईन' देतं याचा पोरांचा अखंड हिशोब, सगळंच भरभरून बघितलं होतं. आज मात्र कान एकाच जागी अडकले. आडनावं.

पोरांना आपापसात सुऱ्या, फावड्या असली नावं. मुलगी मात्र शिरोडकर. नुसती शिरोडकर. जोशी तिच्यासाठी जीव टाकतो, तिच्या वाटेवर डोळे लावून बसतो, पण मनातल्या मनातसुद्धा तिला आडनावानेच हाक मारतो. आजच्या मुलांना हे कोरडं वाटेल, पण आमच्या वर्गात ते अजिबात कोरडं नव्हतं. पहिल्या नावाने हाक मारणं म्हणजे कबुलीच. कुणा मुलाने चुकून मारली असती तर मागच्या बाकांवरून "ओ हो हो" सुरू झालं असतं आणि पुढचे सहा महिने त्या दोघांची धडगत नव्हती. आडनाव बिनधोक. त्याच्या आड काय वाटेल ते लपवता यायचं. एकच आडनाव, पण वही मागताना वेगळ्या आवाजात आणि भांडताना वेगळ्या.

केतकी माटेगावकर काय गोड दिसते यात! दोन वर्षांनी 'टाइमपास'मध्ये तिची प्राजक्ता झाली, तीही आवडली, पण शिरोडकर ती शिरोडकरच. फक्त एक तक्रार आहे. सगळी गोष्ट जोशीच्या डोळ्यांतून. ती वळून बघते, हसते, मान खाली घालते आणि अर्थ लावत बसतो तो. तिला काय वाटत असेल ते मला विचारा म्हणावं. मी होते ना तिच्या जागी.

आमच्या नववीत हजेरी आधी मुलांची, मग मुलींची. त्याचा नंबर बारा. आवाज नुकताच फुटला होता, त्यामुळे त्याचं 'हजर' रोज वेगळ्या पट्टीत यायचं. मी अकरा नंबरपासून पेनाचं टोपण काढत-घालत बसायची. 'हजर' ऐकू आलं की टोपण बंद, मग दिवस सुरू. एकदा तो आठवडाभर तापाने आला नाही. बाईंनी त्याचं आडनाव घेतलं की कुणीतरी "गैरहजर" ओरडायचं आणि मला त्या ओरडणाऱ्याचाच राग यायचा.

तो बरा होऊन आल्यावर बुडालेलं लिहून काढायला त्याने माझी भूमितीची वही मागितली. मागितली म्हणजे बाकापाशी येऊन माझं आडनाव उच्चारलं आणि हात पुढे केला. तीन दिवसांनी वही परत आली. कव्हरवरचं माझं लेबल कोपऱ्यातून फाटलेलं होतं, त्यावर त्याने नवीन चिकटवलं होतं. निळ्या शाईने माझं पूर्ण नाव. वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी, सगळं एका दमात लिहिल्यासारखं. माझं पहिलं नाव मात्र खोडून पुन्हा लिहिलं होतं. शाई थोडी फुटली होती तिथे. बस्स, एवढंच आमचं प्रेमपत्र.

(वही कुठे गेली माहीत नाही. आई रद्दी फार वेळेवर द्यायची.)

कपडे संपले तरी उठवेना, म्हणून 'फँड्री'चा शेवटही पाहिला. चूकच केली. जब्याचं शालूवरचं प्रेमही असंच, लांबून. काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल म्हणून. पण जब्याचं गप्प राहणं आणि जोशीचं गप्प राहणं यात मैलांचं अंतर. जोशी लाजतो. जब्याला आपण कोण हे तिला दिसू नये असं वाटतं. डुकरामागे पळताना तो शालूच्या नजरेतून लपायला बघतो, तेव्हा माझं पोट ढवळतं. आडनाव आमच्यासाठी लपायची जागा होती, हे किती सहज लिहून गेले मी वर! त्या पोराला गावातले लोक 'फँड्री' म्हणून चिडवतात. कैकाडी भाषेत डुक्कर. त्याच्या घराण्याचं नाव लपायला नाही, पकडायला वापरतात. वरचा परिच्छेद खोडणार होते, पण राहू दे.

रात्री, साडेदहा

शाळेचा ग्रुप उघडून बसले. मुली सगळ्या नव्या आडनावांनी आहेत, मीही. माहेरचं आडनाव आता आधारवर नाही, बँकेत नाही, दारावरच्या पाटीवर तर नाहीच. त्या नावाने हाक मारणारं घरातही कुणी उरलं नाही.

वर सरकवत सरकवत मार्चपर्यंत गेले. माझ्या वाढदिवसाला एकोणीस जणांचे केक आणि फुगे आहेत, आणि मधेच त्याचा मेसेज. माझं जुनं आडनाव, स्वल्पविराम, 'वाढदिवसाच्या शुभेच्छा'. ना केक, ना फुगे.

मी तेव्हा सगळ्यांना मिळून एकच हात जोडलेला इमोजी टाकला होता.