तेवढी भीती घालवा

"मॅडम, अभ्यास आहे हो त्याचा, तेवढी मुलाखतीची भीती घालवा." कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या मुलाखत-तयारीच्या क्लासवर येणारे पालक हेच म्हणतात. मी नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग फी कशाची?

भीती जात नसेल तर क्लासात करता काय, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छातीतली धडधड, तोंडाला कोरड, हाताला घाम ही घाबरलेल्या शरीराची आपोआपची करणी, उपदेशानं थांबत नाही. श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडला की ठोके जरा उतरतात, एवढं करून घेते. बाकी वेळ मोठ्यानं बोलायला लावते. शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंगला, म्हणजे वाळूच्या साच्यात ओतलेल्या धातूला, ब्लोहोल, म्हणजे वायू अडकून पडलेलं छिद्र, का येतं विचारलं, तर मनातल्या मनात सगळ्यांना येतं. बोलायला लागलं की तिसऱ्या वाक्याला अडतात. माझ्यासमोर अडलेलं बरं. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत 'मी शांत आहे' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मला उत्साह आलाय' म्हणणारे सरस बोलले. आमची पोरं हे ऐकून हसतात, पण काहींना लागू पडतं.

गडहिंग्लजकडच्या एकाला नाही पडलं. मुलाखतीच्या सकाळी स्टँडवरून थेट माझ्याकडं आला, मुठीत मित्रानं दिलेली प्रोप्रॅनोलॉलची गोळी. ती ठोके संथ करते, थरथर कमी करते, खरंय. पण याच्या खिशात दम्याचा पंप होता, आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिका ती आवळू शकते. डॉक्टरांना विचारलंस? नाही. मी गोळी काढून घेतली. "एकदाच, मॅडम," म्हणून रडला. दिली नाही. तसाच गोकुळ शिरगावला मुलाखतीला गेला. ब्लोहोलचाच प्रश्न आला. वाळूतला ओलावा, एवढं म्हणाला आणि गप्प झाला. नोकरी हुकली.

त्याचे वडील अजून भेटले की म्हणतात, "गोळी घेतली असती तर पोरगं लागलं असतं की."

लागलंही असतं. तरी गोळीबाबत मी तसूभर हलणार नाही.

मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बसायचे तेव्हा माझं मत होतं, इथं घाबरतो तो भट्टीपुढं काय करणार? ते पूर्ण खोटं आजही म्हणवत नाही. पण भट्टी काही 'स्वतःबद्दल सांगा' म्हणत नाही.

आता त्या पोराला कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून मुलाखतीचं बोलावणं आलंय. आधी छातीच्या डॉक्टरांकडं पाठवलंय. वडील सोबत जाणार म्हणतात. मी नको म्हटलंय, ऐकतील असं वाटत नाही.