तुम्ही विचारलंत म्हणून : लाईट गेली नव्हती

‘तो सिनेमा तुम्ही सोलापुरात दाखवलात? मग लोक काय म्हणाले?’ पुण्याचा कुणी भेटला की हे विचारतो, आणि विचारताना ‘सोलापुरात’वर जरा जास्तच जोर देतो. सोलापूरचा कुणी भेटला तर सरळ विचारतो, ‘तुला तरी कळला का बे?’ दोघांनाही मी आजवर ‘पुढच्या वेळी बघायला या’ म्हणून वाटेला लावलंय. आता तुम्ही विचारलंत म्हणून बसून लिहितो.

सिनेमा म्हणजे डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘मलहॉलंड ड्राइव्ह’. माझा धंदा सुताचा. घराच्या वरच्या खोलीत पूर्वी सुताची पोती असायची, ती गोडाऊनला हलवल्यापासून तिथं महिन्यातून एकदा सिनेमा लागतो. भिंतीला चुना, जमिनीवर चादरी, एक जुना प्रोजेक्टर. पंधरा-वीस माणसं येतात. तिकीट नाही, चहा आहे.

पहिला खेळ २०१७च्या उन्हाळ्यात केला. सुरू करण्याआधी मी उभं राहून माहिती सांगितली : हे मुळात १९९९ साली टीव्ही मालिकेचा पहिला भाग म्हणून केलेलं, एबीसी या अमेरिकन वाहिनीने नापसंत करून बाजूला टाकलेलं, मग फ्रान्सहून पैसे आले आणि त्याचा सिनेमा झाला. शेवट कसा करायचा हे लिंचला एका संध्याकाळी ध्यानाला बसल्यावर सुचलं, असं तो स्वतःच सांगायचा. २००१ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक. २०१६ला बीबीसीने ३६ देशांतल्या १७७ समीक्षकांना विचारलं, तेव्हा या शतकातला सगळ्यात चांगला सिनेमा म्हणून हाच पहिला आला. सांगायला नको होतं. ‘पहिला आला’ म्हटल्याबरोबर सगळे पेपरला बसल्यासारखे ताठ बसले.

त्यात तासाभराने लाईट गेली. आली तेव्हा डीव्हीडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि या डीव्हीडीत मधलं प्रकरण निवडून उडी मारायची सोयच नाही. सिनेमा अखंड बघायचा असतो, असं लिंचचं म्हणणं, म्हणून त्याने ती ठेवूच दिली नाही. मग काय, मी रिमोट दाबून बसलो आणि लोकांनी झालेला सगळा भाग पुन्हा एकदा भराभर पळताना बघितला, बाया चार्ली चॅप्लिनसारख्या चालताहेत. खेळ संपल्यावर आमचे शेजारी, फिजिक्सचे निवृत्त सर, गंभीरपणे म्हणाले, ‘फास्ट केला तेव्हा जास्त कळला.’ त्या दिवशी एवढीच प्रतिक्रिया.

दुसरा खेळ जानेवारी २०२५मध्ये. लिंच गेल्याची बातमी आली तेव्हा आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ऐन भरात होती. म्हटलं, माणूस गेलाय, त्याच्या नावाने एकदा नीट दाखवू. या वेळी इन्व्हर्टर लावला आणि तोंड बंद ठेवलं.

गोष्ट सांगायची तर थोडक्यात अशी. एक गोरी, हसरी मुलगी नटी व्हायला हॉलिवूडला येते आणि मावशीच्या रिकाम्या घरात उतरते. तिथं आधीच एक बाई लपून बसलेली. तिला मोटारीचा अपघात झालाय आणि आपण कोण हेच तिला आठवत नाही. पर्समध्ये नोटांच्या थप्प्या आणि एक निळी किल्ली. दोघी मिळून शोधाला लागतात. जवळजवळ दोन तासांनी एक निळी डबी उघडते, कॅमेरा तिच्या काळोखात शिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा तीच माणसं भलत्या नावांनी, भलत्या नात्यांनी वावरत असतात. जी हसरी होती ती आता खंगलेली, आणि जिला काहीच आठवत नव्हतं ती मोठी नटी. (मध्ये एक प्रसंग घरच्यांसमोर बघण्यासारखा नाही, ते मी आधीच सांगून ठेवतो. समोरच्या काकू तेवढ्यात चहा टाकायला खाली जातात आणि तो संपला रे संपला की ट्रे घेऊन हजर होतात. हे त्यांना कसं जमतं, ते मला लिंचपेक्षा मोठं कोडं आहे.)

तर डबी उघडली, पडदा काळा झाला. मागून एक पोरगा ओरडला, ‘लाईट गेली बे!’ डोक्यावर पंखा फिरत होता, काकूंना थंडीतही पंखा लागतो. तरी चार-पाच जणांनी मोबाईलच्या बॅटऱ्या लावल्या. पुढं चित्र आलं तर दुसरा म्हणाला, ‘काका, दुसरी फाईल लागली.’

इथं ऑपरेटर काका उठले. यांनी आमच्या गावातल्या टॉकीजमध्ये उभी हयात प्रोजेक्टर चालवला. ‘फाईल नाही,’ म्हणाले, ‘रिळं उलटसुलट लागलीत. शेवटचं आधी लागलंय.’ मी म्हटलं, काका, ही डीव्हीडी आहे, हिला रीळ नसतं. ‘मला शिकवू नको,’ म्हणाले, आणि मग सिनेमा चालू असतानाच हळू आवाजात आम्हाला ऐकवलं : पूर्वी एकच प्रिंट दोन टॉकीजला चालवायचे. इकडचं रीळ संपलं की पोऱ्या ते सायकलवर टाकून तिकडं पळायचा. एकदा पोऱ्याची सायकल वाटेत पंक्चर झाली. पुढचं रीळ येईना, पब्लिक खुर्च्या बडवायला लागलं, तेव्हा हातात होतं तेच काकांनी परत लावलं. मारामारीचं होतं. लोकांनी दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा जास्त शिट्ट्या मारल्या. ‘पब्लिकला गोष्ट पुढं गेली पाहिजे असं काही नसतं,’ काका म्हणाले. समीक्षकांपैकी कुणी हे इतकं सोपं करून सांगितलेलं माझ्या वाचनात नाही.

पण तुम्हाला खरं सांगायचंय ते त्या हॉटेलच्या प्रसंगाचं. सिनेमाच्या सुरुवातीलाच आहे. विंकीज नावाच्या हॉटेलात एक माणूस दुसऱ्याला स्वप्न सांगतोय : हेच हॉटेल, फक्त उजेड वेगळा, ना धड दिवस ना रात्र, आणि मागच्या बाजूला भिंतीआड एक माणूस उभा आहे, त्याचं तोंड मला जागेपणी कधी दिसू नये. मग दोघं उठतात आणि बघायला मागे जातात. भर दिवसा. ऊन पडलेलं. काय होणार हे त्याने तोंडाने सांगितलेलं आहे, कॅमेरा त्या कोपऱ्याकडे मुंगीच्या पावलांनी सरकतोय, आणि तरीही ते तोंड बाहेर आलं तेव्हा फिजिक्सच्या सरांच्या हातून कप सुटला.

त्यानंतर खेळ थांबवावा लागला, कारण चादर पुसायची होती. आणि त्या पाच मिनिटांत काय झालं माहितीये? प्रत्येक जण आपापलं स्वप्न सांगायला लागला. काकूंचं स्वप्न असं, की नळाला पाणी आलंय आणि घरात एकही हंडा सापडत नाही. (ज्यांच्याकडे रोज पाणी येतं त्यांना यातली भीती कळायची नाही. आमच्याकडे तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचं.) आमच्याकडच्या लूमचे जॉबर मामा (जॉबर म्हणजे लूम दुरुस्त करून चालता ठेवणारा), घरी तेलुगू बोलणारे, एरवी सिनेमाभर ‘हं’ म्हणून बसणारे, ते म्हणाले, मला लूम बंद पडल्याचं स्वप्न पडतं : सगळी शेड चालू आहे, आवाज मात्र नाही. सांगताना त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवून दाखवले. ‘कळला का’ असं कुणी कुणाला विचारलं नाही. स्वप्न आपल्याकडे पडतं, कळत नाही. सिनेमाही आपल्याकडे पडतोच म्हणा, पण ते वेगळं.

मग सिनेमातला तो मध्यरात्रीचा क्लब. रंगमंचावर एक माणूस येऊन बजावतो, इथं बँड नाही, सगळं टेप केलेलं आहे. मग एक बाई येते आणि रॉय ऑर्बिसन या अमेरिकन गायकाचं ‘क्राइंग’ हे गाणं स्पॅनिशमध्ये गाते. मागं वाद्य नाही, नुसता आवाज. प्रेक्षकांत बसलेल्या सिनेमातल्या त्या दोघी ढसाढसा रडतात. गाता गाता ती बाई कोसळते, तिला उचलून नेतात, आणि गाणं चालूच राहतं. काकूंनी पदर डोळ्याला लावला होता. सर म्हणाले, ‘अहो, आत्ताच तर सांगितलं, टेप आहे म्हणून.’

काकू म्हणाल्या, ‘मग अक्षतांना तरी नवरदेव कुठं दिसतो?’

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे सिद्धरामेश्वर, यांच्याशी लग्न करायचं म्हणून एक कुंभाराची मुलगी हटून बसली, ते म्हणाले माझ्या योगदंडाशी कर. त्या लग्नाच्या अक्षता दर संक्रांतीच्या वेळी संमती कट्ट्यावर पडतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, पेलत आणतात, ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ सुरू होतं, आणि लाखांनी लोक अक्षता टाकतात. माणूस म्हणून ना नवरा उभा, ना नवरी. काकू आठवड्यापूर्वी तिथंच होत्या. सर गप्प बसले.

राहिली ती इंजिनिअरिंगची दोन पोरं. त्यांनी आधीच मोबाईलवर सगळं वाचलेलं. डीव्हीडीसोबत लिंचने दहा खुणांचा कागद दिला होता : लाल लॅम्पशेड कधी दिसते, किल्ली कोण देतं, ॲशट्रे, कॉफीचा कप, मावशी कुठं आहे. पोरं त्या खुणा टिपत बसली, लॅम्पशेड दिसली की एकमेकांना कोपर मारत. संपल्यावर त्यांनी उलगडा केला : पहिला भाग त्या खंगलेल्या बाईचं स्वप्न, शेवटचा अर्धा तास खरा. स्वतःच्या हातून झालेलं तिला सोसवत नाही, म्हणून तिने झोपेत सगळं गोड करून घेतलं. सुरुवातीलाच कॅमेरा उशीवर पडतो, बघा. हॉटेलातल्या वेट्रेसच्या छातीवरचं नाव आधी ‘डायान’, मग ‘बेटी’; आणि हसरीचं नाव बेटी, खंगलेलीचं डायान. म्हणजे नावंसुद्धा अदलाबदल.

बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. पण ते ऐकल्यावर खोलीतली सगळी ‘हां, अस्सं होय’ म्हणाली आणि चपला शोधायला लागली. इतका वेळ जे अंगावर होतं ते एका वाक्यात उतरून गेलं. मला पोरांचा जरा रागच आला, खोटं का बोलू.

जॉबर मामा मात्र उठले नव्हते. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे खाली येणाऱ्या संवादांच्या पट्टीकडे न बघता त्यांनी सगळा वेळ फक्त चित्र बघितलं होतं. बसल्या जागची चादर त्यांनी कोपऱ्याला धरून उलटली. आमची जेकार्डची चादर, वर लाल जमिनीवर पांढरा मोर. खाली तोच मोर, त्याच जागी, पण लाल, आणि जमीन पांढरी. ‘हे आहे की ते,’ म्हणाले. ‘सूत तेच. वर आलं की हा रंग, खाली गेलं की तो. स्वप्न कशाला पाहिजे?’

पोरगं खाली बसलं. अंगठ्याने मोराच्या कडेवरून एकदा वरून, एकदा खालून चाचपलं. ‘पण मामा, यातली सुलटी कुठली?’

‘लेबल शिवलेलं असतंय ती.’

मग ते तिघं चारही कोपरे बघत बसले. लेबल केव्हाच धुण्यात निघून गेलं होतं.