तुम्ही विचारलंत म्हणून: इटॅलिक म्हणजे तिरकंच ना?

"इटॅलिक म्हणजे अक्षर तिरकं करायचं, त्याला वेगळी फॉन्टची फाइल कशाला?" मी पुस्तकांची पानं लावून देतो, आणि हे मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, आणि तेही बिल बघितल्यावर. तर एकदाच लिहून टाकतो.

गॅरामंड या इंग्रजी फॉन्टमधला छोटा ए बघा. सरळ, म्हणजे नेहमीच्या उभ्या अक्षरामध्ये त्याच्या डोक्यावर छप्पर असतं, इटॅलिकमध्ये ते गायब, हाताने लिहितो तसा गोल. एफ ओळीखाली शेपूट सोडतो. अडोबी कंपनीच्या गॅरामंडचं सरळ अक्षर क्लोद गॅरामंडचं, पण इटॅलिक रोबेर ग्रांजाँच्या अक्षरावरून घेतलंय, म्हणजे करणारा माणूससुद्धा दुसरा! व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियस या प्रकाशकाने १५०१ ला रोमन कवी व्हर्जिल छापला तो अख्खा इटॅलिकमध्ये, पंच (खिळे ओतायला लागणारे अक्षरांचे धातूचे ठसे) फ्रांचेस्को ग्रिफोने कोरलेले, आणि कॅपिटल मात्र सरळच. शिकलेल्या लोकांचं भरभर लिहायचं वळण खिळ्यांत उतरवलं होतं. (पूर्वी मी छातीठोकपणे सांगायचो की कागद वाचवायला काढलं. तितकं सोपं नाही ते.) एखाद्या शब्दावर जोर द्यायला इटॅलिक, हे नंतरचं.

आता एवढं चिडून का बोलतोय ते. काही वर्षांपूर्वी एका रिटायर्ड डॉक्टरांचं इंग्रजी पुस्तक लावत होतो, घरगुती, ३०० प्रती. मध्ये त्यांच्या थोरल्या भावाची पत्रं होती, ती इटॅलिकमध्ये हवी होती, आणि माझ्याकडे त्या फॉन्टचं फक्त सरळ होतं. विकत घ्यायचं जिवावर आलं, रात्रीचे अकरा वाजलेले, मी इनडिझाइनमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर) त्याच अक्षरांना स्क्यू १२ टाकला, म्हणजे १२ अंशांनी नुसती कलती केली, आणि झोपलो. प्रूफं घेऊन गेलो तर डॉक्टर पत्रांच्या पानावर थांबले, चष्मा काढला, परत घातला, म्हणाले, "अहो, ही अक्षरं पडल्यासारखी का दिसतायत?" त्यांना टाइपातलं काही कळत नव्हतं, पण दिसलं बरोबर. आणि मी म्हणालो, "सर, इटॅलिक म्हणजे तिरकंच असतं." ते लगेच "बरं बरं, तुम्हाला माहीत" म्हणाले. तसंच छापलं. नंतर त्यांनी मला सही करून एक प्रत दिली.

म्हणजे तुमचा प्रश्न माझंच वाक्य आहे, मला राग त्याचा येतो.

बरं, एवढं सांगून मी शहाणा झालोय असंही नाही. कुणी पानभर इटॅलिक मागितलं की मी वाचायला त्रास होतो म्हणून नाही म्हणतो, आणि आल्डसने तर पुस्तकंच्या पुस्तकं काढली त्यात. मराठीत तर देवनागरीला असं दुसरं वळण जोडीला नसतंच बहुतेक फॉन्टांत, शिरोरेघेसकट सगळी ओळ नुसती कलते, म्हणून मी अवतरणचिन्हं लावा म्हणतो. क्लायंट म्हणतो नको, तिरकंच करा. दोनदा समजावतो. मग करतो, स्क्यू १२.