झाडावर चढून खुडलेला चहा

चहा चाखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आसामच्या बागा पायाखालच्या. तिथं चहा कमरेएवढा, कारण दर काही वर्षांनी छाटणी होते. मोकळा सोडला तर त्याचं चांगलं उंच झाड होतं हे नोकरीला लागतानाच शिकलो होतो. पाहिलं मात्र सुओई झांगला.

उत्तर व्हिएतनाममधल्या येन बाई भागातलं हे ह्मोंग लोकांचं डोंगरगाव. उंची सुमारे १४०० मीटर, म्हणजे महाबळेश्वराच्या किंचित वर. इथला ‘शान तुयेत’ चहा आमच्या महागड्या ब्लेंडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या चहांच्या मिश्रणात, बसतो का, एवढंच बघायला कंपनीनं धाडलं होतं.

झाडं घरांच्या मागेच. काही कित्येकशे वर्षांची. बुंधे पांढुरके, आपल्या दगडफुलाच्या भाऊबंदांनी मढलेले. मेणाची नक्षी काढून निळीत बुडवलेला घागरा नेसलेल्या एक आजीबाई टोपली घेऊन सरसर वर चढल्या. मी खाली उभा, मान वर. दुभाष्याकडून ‘सांभाळून’ म्हणायला सांगितलं, तर वरून नुसतं हसू आलं. एक कळी हातात घेतली: जाडजूड, अंगभर पांढरी लव.

खुडलेलं पान रात्रीपर्यंत कढईत पडायलाच हवं. लाकडाचा जाळ, भलीमोठी लोखंडी कढई आणि हातमोजे घालून पान सतत वर-खाली करणारा त्यांचा नातू. उष्णतेनं पान तांबूस पडणं तिथंच थांबतं. आधी ओल्या गवताचा वास, मग हळूहळू भाजलेला. त्यानंतर चोळणं, वाळवणं. चार-पाच किलो ओल्या पानाचा जेमतेम किलोभर चहा होतो. एवढ्या राबण्याला आम्ही खरेदीदार लोक भाव पाडून मागतो, हे आमचं नेहमीचंच.

दोन कढयांचे नमुने शेजारी ठेवून चाखले. रंग फिका पिवळा. आधी कडवट, मग घशात बराच वेळ गोडवा. पण दुसऱ्यात धुराची पुसट छटा होती. ब्लेंडच्या हिशेबात हा दोष. दर महिन्याला तीच चव द्यायची तर असला माल चालत नाही. मला तर दुसराच जास्त आवडला.

साहेबांना फोन केला, “ब्लेंडमध्ये घालू नका, वाया जाईल.”

“मग तुला पाठवलं कशाला?”

बरीच घासाघीस झाली, ती माझी आणि साहेबांची. शेवटी छोटा लॉट घेतला, आजीबाईंनी सांगितलेल्या भावानं. दोन्ही कढयांचा माल वेगळा बांधला आणि प्रत्येक पिशवीवर भाजल्याची तारीख घातली.